दांड्याखालची जागा

रविवार, २ मार्च

कपाट रिकामे झाले. चाळिसाव्या दिवसाच्या आत मृताच्या वस्तू वाटून टाकाव्यात, म्हणजे जाणाऱ्याला पलीकडे काही उणे पडत नाही, असा नियम आहे. आणि नियम मी पाळतो. लांब कोट शेजारच्या स्तेफाला, बूट तिच्या सुनेला, स्वेटर चर्चला. उरलेसुरले माझ्या बायकोची, रायिसाची, बहीण झिनाइदा घेऊन गेली. "भाऊजी, तुम्ही आत जाऊन बसा. तुम्ही बघू नका." मी पाहिले नाही. सर्व काही रीतसर पार पडले.

दुपारभर, सुतकात आरसा झाकतात ती आरशावरची चादर सरळ करीत होतो. ती सरळच होती.

सोमवार, ३ मार्च

रीतसर पार पडले नाही!

यारिना सरावाहून आली ती दारातूनच विचारीत— "बाबा, आईची निळी पिशवी कुठंय?"

"कोणती?"

"खुंटीवरची. जिमची."

"दिली. मावशीने नेली."

ती कोटाबुटांसकट दाराजवळच्या फरशीवर बसली. रडली असती तर मला काही सुचले असते. ती नुसती स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिली.

पिशवीत तिच्या स्पर्धेच्या चामडी पट्ट्या होत्या. जिम्नॅस्टिक्समध्ये दांड्यांवर झोके घेणाऱ्या मुली तळहातावर अशा पट्ट्या बांधतात. मनगटाला बक्कल, बोटांना भोके. रायिसा त्यांची प्रशिक्षक. सरावाच्या पट्ट्या ती मुलींकडे ठेवी; स्पर्धेच्या मात्र स्वतःपाशी, कारण मुली विसरतात, हरवतात, एकमेकींना देतात. नवी पट्टी हाताला बसायला बरेच दिवस लागतात. तोवर ती घसरते, चावते, कातडे सोलते. जुनी पट्टी हाताचा आकार घेते आणि मग ती पट्टी राहतच नाही, असे यारिना म्हणते. सरावाची जुनी जोडी जानेवारीतच फाटली. आणि कीवची राष्ट्रीय स्पर्धा याच महिन्यात आहे.

त्या स्पर्धेतून युरोपीय स्पर्धेचा संघ निवडतील. यारिना एकोणीस वर्षांची आहे. दोनदा राखीव राहिली, दोन्ही वेळा बाकावर बसून परत आली. तिसरी संधी या खेळात कोणी देत नाही. मागे पंधरा वर्षांच्या मुली रांगेत उभ्या असतात.

रायिसा शेवटच्या आठवड्यात इस्पितळात एकच सांगत होती— "वसंत येईपर्यंत तिला सोडू देऊ नकोस, ओरेस्त." मी शब्द दिला आहे. आणि पहिली गोष्ट काय केली, तर पट्ट्या दान करून टाकल्या.

मंगळवार, ४ मार्च

झिनाइदाकडे गेलो. तिने आधी बोर्श्च, बिटाचे सार, वाढले आणि मग मला झोडले.

"परत मागायची? मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेली वस्तू? भाऊजी, तुम्ही शिकलेले आहात की नाही? माझी बहीण तिकडं रित्या हातानं उभी राहील, कळतंय का?"

मी म्हणालो, "वस्तू चुकून गेली."

"चुकून दिलं तरी दिलंच ना! देवाच्या घरी चुकून-बिकून नसतं."

"यारिनाची स्पर्धा आहे."

ती सिंककडे वळली. चमचा धुतला. तोच चमचा पुन्हा धुतला. मग पाठमोरीच म्हणाली, "चर्चमध्ये मेणबत्त्या विकते ना, तिच्या भावाला दिली. मुसियला. तो दिवसभर बर्फावर असतो. मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका."

बुधवार, ५ मार्च

संस्थेत माझी व्याख्याने होती. मुसियकडे जाता आले नाही. वर्गात फळ्यावर तुळई काढली आणि तिला आधार द्यायचाच विसरलो. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, ही पडेल." सारे हसले. मी हसलो नाही. खाली आधार रेखाटला.

गुरुवार, ६ मार्च

द्नीप्रो नदी अजून गोठलेली आहे, पण काठाशी बर्फावर पाणी साचले आहे. मुसिय बराच आत, बर्फातल्या भोकात गळ सोडून पालथ्या बादलीवर बसला होता. मला पाहून ओरडला, "प्रोफेसर! बर्फावर टोपी घालून यायचं असतं, टाय लावून नव्हे! मासे लाजतायत!"

निळी पिशवी त्याच्या पायाशी होती. तीत मासे होते. आणि पट्ट्या त्याच्या हातांवर होत्या! बर्फ फोडायच्या पहारीवर त्याने मूठ आवळलेली, आणि माझ्या मुलीच्या पट्ट्या त्याच्या जाड बोटांत उलट्या अडकवलेल्या.

"झकास वस्तू," तो म्हणाला. "हात सोलत नाही. कुठल्या कामाची आहे म्हणायची ही?"

मी सांगितले. जितके आवश्यक, तितकेच. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई चांगली होती तुमची. माझ्या पुतणीला शिकवायची. पण प्रोफेसर, हे मला तिच्या आत्म्यासाठी दिलंय. मी परत केलं तर पाप मला लागेल, तुम्हाला नाही. तुम्ही तर टाय लावून निघून जाल."

आम्ही भोकातल्या दोरीकडे पाहत उभे राहिलो. मग मी हातमोजे काढले. अस्तराचे, गेल्या नाताळात रायिसानेच दिलेले. ते पुढे केले आणि म्हणालो, "रायिसाच्या आत्म्यासाठी."

त्याने मोजे घालून पाहिले, मुठी उघडल्या-मिटल्या. "हे ऊबदार आहेत," तो कबूल झाला. क्रुसाची खूण केली, पट्ट्या काढून दिल्या, वर एक मासाही देऊ लागला. मासा मी नाकारला. येताना काठाशी घोट्यापर्यंत पाण्यात गेलो. हात उघडे, पट्ट्या आतल्या खिशात. मला फार बरे वाटत होते; हे लिहिताना संकोच वाटतो.

यारिनाने पट्ट्या नाकाशी नेल्या. "मासा!" म्हणाली, आणि हसली. अंत्यविधीनंतर प्रथमच. मीही हसलो. मग आम्ही दोघेही एकदम थांबलो.

शुक्रवार, ७ मार्च

आनंद एक दिवस टिकला. चामडे भिजले, गोठले, वाळले. आता फळीसारखे कडक आहे. रायिसाच्या जागी आता लेव मिरोनोविच यारिनाचा सराव घेतो. तो जाडजूड आहे, शिट्टीशिवाय त्याला बोलता येत नाही. पट्टी टेबलावर आपटून म्हणाला, "हिच्यावर खारवलेलं डुकराचं मांस ठेव आणि काप. दांड्यावर नको नेऊस."

"मऊ होईल," यारिना म्हणाली. "हंसाची चरबी लावते."

"आणि वर असताना फाटली तर? मी खाली चरबी लावून उभा राहू?"

"आईने चार वर्षं जपलेली आहे."

लेव मिरोनोविचने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही सांगा, ओरेस्त यारेमोविच. काय किती ताणलं की तुटतं हे तुम्ही पोरांना शिकवता ना!"

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. शाळेच्या जिममध्ये रायिसाच्या लहान गटातल्या मुली फुले घेऊन आल्या होत्या. भिंतीवर तिचा फोटो, काळी फीत. सोल्या नावाच्या सहा वर्षांच्या मुलीने फोटोखाली तीन ट्युलिप ठेवली. तिची आई फुसफुसली, "तीन नाही गं! गेलेल्यांना जोडीनं, जिवंतांना विजोड!" आणि तिने एक फूल उचलले. पण उचललेल्या फुलाचे करायचे काय, हे तिला कळेना. शेवटी सोल्याने ते तिच्या हातातून ओढले आणि यारिनाला दिले.

यारिना त्या मुलींचा सराव घेऊ लागली. "पोटं आत! सोल्या, पाय सरळ, मका खातेयस का?" हे रायिसाचेच वाक्य. मी बाहेर गेलो आणि आवारात फिरत राहिलो. बसवेना.

रविवार, ९ मार्च

ती उद्या त्या पट्ट्या बांधून वर जाणार. लेव मिरोनोविच नको म्हणतो आहे. ती ऐकणार नाही.

सोमवार, १० मार्च

जे केले ते लिहितो.

पहाटे यारिना झोपलेली असताना डाव्या हाताची पट्टी उचलली आणि संस्थेत नेली. भिंग लावून पाहिले. बोटांच्या भोकांपाशी, जिथे चामडे दांड्याभोवती वळते, तिथे बारीक रेघ होती. रेघ ओरखडा आहे की चीर, हे डोळ्यांनी ठरत नाही. ते ठरवायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. पट्टी ताणयंत्राच्या जबड्यांत अडकवली आणि चाक फिरवले. झोक्याच्या तळाशी तिच्या हातांवर जो भार येतो, त्याच्या निम्म्यालाही ती पोहोचली नाही. आवाज मोठा नव्हता. कागद फाडावा तसा.

म्हणजे माझे बरोबर होते.

दोन्ही तुकडे पाकिटात घालून जिममध्ये गेलो आणि यारिनाच्या पुढे ठेवले. आकडा सांगितला. तिला आकड्याने पटेल अशी माझी समजूत होती.

ती म्हणाली, "तुम्ही आईला यंत्रात घातलंत."

"मी पट्टीची चाचणी घेतली."

"मला विचारलं का?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की समतोलाच्या तुळईवरची पोर खाली उतरली. "हो! नाहीच म्हणाले असते! म्हणून विचारायचं असतं, बाबा!"

लेव मिरोनोविचने मला दंडाला धरून बाहेर आणले. "बरोबर केलंत," म्हणाला. "पण देवा, किती वाईट तऱ्हेनं केलंत!"

मंगळवार, ११ मार्च

बोलत नाही. मी बकव्हीटची लापशी केली, बिनमिठाची, तिला लागते तशी. ताट सिंकमध्ये, अर्धे भरलेले.

गुरुवार, १३ मार्च

बोलत नाही.

शनिवार, १५ मार्च

नव्या पट्ट्यांनी तिचे दोन्ही तळहात सोलले. झिनाइदा हंसाच्या चरबीची बाटली घेऊन आली आणि यारिनाचे हात मांडीवर घेऊन बसली. "अगं, हे हात आहेत की नांगरलेलं शेत? असल्या हातांकडं कुठला मुलगा बघेल?"

"मावशी, मुलं हात बघत नाहीत."

"मग काय बघतात?"

"तुला माहीत असायला हवं. तू तिघांशी लग्न केलंस."

"तिघांपैकी एकानं माझे हात बघितले होते," झिनाइदा म्हणाली, "तोच बरा निघाला."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. आत जावेसे वाटले. चहा करून दाराशी ठेवला.

सोमवार, १७ मार्च

सराव पाहिला, मागच्या बाकावरून. मूळ अडचण पट्ट्या नाहीत, हे आज समजले.

यारिनाच्या रचनेत एक उडी आहे. झोका वर गेला की दांडा सोडायचा, त्याच्यावरून उलट दिशेने मागे उडायचे आणि पलीकडे तोच दांडा पुन्हा पकडायचा. त्या एका क्षणी ती कशालाच धरून नसते. रायिसा त्या जागी, दांड्याखाली, हात वर करून उभी राही. नियमाने प्रशिक्षकाला तिथे उभे राहता येते. मात्र स्पर्श झाला तर गुण जातात. तिने कधी स्पर्श केला नाही. ती फक्त उभी असे. आता तिथे लेव मिरोनोविच उभा राहतो. दुप्पट रुंद, दुप्पट बळकट. आणि यारिना दांडा सोडतच नाही! झोका वर जातो, बोटे उघडायची वेळ येते आणि ती गच्च धरून खाली येते. पुन्हा. पुन्हा.

"काय गं, दोरीवरचं धुणं आहेस का?" तो ओरडतो. "सोड की! मी आहे ना!"

ती उतरते, हातांना पांढरी पूड लावते, वर चढते, धरून खाली येते.

बुधवार, १९ मार्च

आज ती माझ्याशी बोलली. चार शब्द: "बाबा, सोडलं तर चालेल?"

मी विचारले, "दांडा?"

ती म्हणाली, "नाही. सगळं."

मी उत्तर दिले की आईला शब्द दिला आहे. तिने मान डोलावली आणि सॅक उचलली. उत्तर बरोबर होते. ते दिल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतो आहे. घड्याळाला किल्ली दिली. भरलेल्या घड्याळाला.

शुक्रवार, २१ मार्च

मुली काल लेव मिरोनोविचबरोबर कीवला गेल्या. मी आज मागून बसने आलो. खानावळीत वारेनिकी, उकडलेल्या करंज्या, मागवल्या, खाल्ल्या नाहीत. उद्या दांडे.

शनिवार, २२ मार्च, कीव

घाईने लिहितो आहे, अक्षर बिघडले तर बिघडो.

तिचे नाव पुकारले. ती पांढऱ्या पुडीच्या डब्यापाशी गेली, आणि तिथे तिने मनगटाची बक्कले सोडली. एक. मग दुसरे. नव्या पट्ट्या काढून लेव मिरोनोविचच्या हातात दिल्या. त्याचा चेहरा बिटासारखा झाला. मी तिसऱ्या रांगेत होतो, सगळे ऐकू येत होते.

"वेड लागलं का? ह्या हातांनी? सोललेल्या?"

"यात मला दांडा लागत नाही, लेव मिरोनोविच. हाताला कळतच नाही कुठाय तो."

"रक्त येईल!"

"येऊ दे. आणि खाली उभे राहू नका."

"काय?"

"बाजूला बसा. प्लीज. तिथे कोणी नको."

पंचांनी झेंडी दाखवली. तो बाजूला झाला. तो मला इतका लहान कधी दिसला नव्हता.

ती वर गेली. दांड्याखाली फक्त गादी. पहिला झोका. दुसरा. मी शिस्तीने बसलो होतो आणि मग, मला आठवत नाही कधी, मी उभा होतो, आणि मागची बाई म्हणत होती, "ओ काका, बसा की, दिसत नाही!" झोका वर गेला. तिने बोटे उघडली.

तिने दांडा सोडला!

मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो की आधाराविना काहीही हवेत राहत नाही. ती राहिली. मग तळहातांचा दांड्यावर चट् असा आवाज आला. पट्टीविना तो वेगळाच येतो. तो माझ्या दातांपर्यंत पोहोचला. पुढचे मला दिसले नाही. उतरताना पाय जुळलेले, एक पाऊलही हलले नाही, असे लेव मिरोनोविच सांगतो. दांड्यांवर दुसरी. एकूणात चौथी. पाच मुली घेणार आहेत.

त्याने माझे तीनदा मुके घेतले. त्याला लसणाचा वास येत होता. "ओरेस्त यारेमोविच! तुमची पोरगी राक्षसीण आहे! संघात! संघात!"

यारिना कोपऱ्यात बसली होती, तळहात वाट्यांसारखे वर धरून. मी रुमाल दिला. पांढरा, इस्त्रीचा. तिने तो हातांत दाबला.

"बाबा."

"हं."

"दांडा सोडला तेव्हा मला आईची आठवणसुद्धा आली नाही."

हे चांगले की वाईट, मला ठरवता आले नाही. म्हणालो, "रुमाल घट्ट धर." मग म्हणालो, "पट्टीचं मी विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली, आणि डोके माझ्या कोटाला टेकवले. मी हललो नाही. हॉल रिकामा होऊन दिवे जाऊ लागले तरी हललो नाही.

सोमवार, २४ मार्च

चाळिसावा. गव्हाची गोड खीर, पातळ पोळ्या, झिनाइदाचे बोर्श्च. लेव मिरोनोविच, स्तेफा, मुलींच्या आया. मुसियसुद्धा आला, माझे हातमोजे घालून, आणि ते जेवतानाही काढीना. रायिसासाठी, गेलेल्यांसाठी पितात तसे, ग्लासाला ग्लास न भिडवता प्यालो. मग लेव मिरोनोविच उठला आणि यारिनासाठी, युरोपसाठी. झिनाइदा रडली. सोल्याच्या आईने विचारले की आता लहान गट कोण घेणार. तिला कोणी उत्तर दिले नाही, कारण त्याच वेळी कीवहून फोन आला. यादी पक्की. यारिनाने बुधवारी प्रशिक्षण तळावर हजर व्हायचे. स्पर्धा संपेपर्यंत तिथेच राहायचे.

सगळे ओरडले. यारिना सगळ्यांना खीर वाढत होती. मलमपट्टी बांधलेल्या हातांनी, नीट, एकेकाला.

पाहुणे गेल्यावर आरशावरची चादर काढली. मला वाटले होते त्याहून मी म्हातारा आहे.

मंगळवार, २५ मार्च

तिची बॅग भरली. लोकरीचे मोजे दोनदा घातले, दोनदा काढले. दिलेला शब्द उद्या पुरा होईल. रायिसा, तो उद्या पुरा होईल. आज दिवसभर मी अस्वस्थ का आहे, याचे कोणतेही सुसंगत कारण मला देता येत नाही.

बुधवार, २६ मार्च

निघण्यापूर्वी रीतीप्रमाणे दोघे बॅगेशेजारी क्षणभर गप्प बसलो. घरातल्या वडीलधाऱ्याने आधी उठायचे असते, म्हणून मी उठलो, बॅग उचलली आणि दार उघडले. खाली लेव मिरोनोविच गाडीचा हॉर्न वाजवीत होता. यारिना उठली नाही. "दार लावा, बाबा," ती म्हणाली. "गार वारा येतोय."

मी बॅग खाली ठेवली आणि दार लावले.